क्रूझला जाताय? आधी घड्याळाचं बघा! (अनुभव, शंका, वादावादी सगळं इथेच)

रुक्मा

आमच्या आतापर्यंत चार क्रूझ झाल्या. विचारपूशीत दर महिन्याला कोणी ना कोणी तेच प्रश्न विचारतं, म्हणून एकदाचा धागाच काढते. सुरुवात आमच्या फजितीपासून.

मेक्सिकोतलं कोझुमेल बेट. जहाज फ्लोरिडातून निघालेलं, दिवस उन्हाळ्याचे, आणि जहाजावरची घड्याळं फ्लोरिडाच्याच वेळेवर. कोझुमेल ज्या किंताना रो राज्यात येतं तिथे २०१५ पासून बारमाही एकच वेळ असते, उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत. म्हणजे बेट जहाजाच्या तासभर मागे. आम्हाला याचा पत्ताच नाही! धक्क्यावर पाय ठेवताक्षणी नवऱ्याच्या फोनने गुपचूप स्थानिक वेळ पकडली. साडेचारला जहाजावर परत असायला हवं होतं. साडेतीन वाजलेत, अजून तास आहे, अशा थाटात आम्ही वाळूत पाय खुपसून बसलेलो. शेजारच्या खुर्चीतल्या आजी कधीच निघून गेल्या होत्या. त्या जाताना 'तुम्ही दुसऱ्या जहाजाचे का?' असं विचारून गेल्या, आणि ते माझ्या डोक्यात पाच मिनिटांनी शिरलं.

पुढचं काय सांगू. टॅक्सीने धक्क्याच्या तोंडाशी सोडलं आणि तिथून जहाज लांबच्या लांब. चपला हातात, मी पुढे, नवरा मागे. वर बाल्कन्यांतून लोक टाळ्या पिटत होते, शिट्ट्या मारत होते. शिडीच्या पायथ्याशी सुरक्षा अधिकारी उभा, आणि त्याच्या हातात आमचे दोघांचे पासपोर्ट! केबिनमधल्या तिजोरीतून काढून आणलेले. आम्ही आणखी थोडा वेळ आलो नसतो तर ते बंदरातल्या एजंटकडे सोपवून जहाज सुटलं असतं. पुढच्या बंदरापर्यंत स्वतःच्या खर्चाने जा, नाहीतर घरी जा.

तेव्हापासून दोघांच्या मनगटावर साधं काट्यांचं घड्याळ, जहाजाच्या वेळेला लावलेलं. फोन जहाजावर चढल्यापासून विमान मोडवर. त्याचं दुसरंही कारण आहे: भर समुद्रात फोन जहाजाच्या उपग्रहावरच्या मोबाइल नेटवर्कला जाऊन चिकटतो आणि त्याचं बिल नेहमीच्या रोमिंगच्या कितीतरी पट येतं.

आता तुम्ही लिहा.

उगाच_काळजी

वाचता वाचता मलाच धाप लागली, रुक्माताई! आमची पहिलीच क्रूझ आहे, भूमध्य समुद्रातली. चिविटावेकिया, ग्रीसमधलं सँटोरिनी, कुशादासी वगैरे. तीन शंका आहेत. मला बसही लागते, तर बोट लागणारच. केबिन कुठली घ्यावी? सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, गुडघ्यांमुळे लांब चालायचं असलं की व्हीलचेअर लागते, त्यांना कितपत जमेल? आणि जहाजाच्याच सहली घ्यायच्या की आपलं आपण फिरायचं?

माजी_इंजिनरूम

केबिनचं मी सांगतो. निम्मं आयुष्य जहाजांच्या पोटात काढलं आहे.

मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्या. जहाज लाटेवर झोपाळ्याच्या फळीसारखं हलतं, टोकाला जास्त आणि मध्ये कमी. नाळेकडच्या म्हणजे पुढच्या टोकाच्या केबिनमध्ये तो झोका सगळ्यात जास्त. वरचा मजला दिसायला छान, पण जितकं वर जाल तितकं आडवं डोलणं वाढतं. 'मोठ्या जहाजाला स्टॅबिलायझर असतात, काही कळत नाही' असं बुकिंगवाले सांगतील. स्टॅबिलायझर म्हणजे पाण्याखाली दोन बाजूंना उघडणारे पंख. ते आडवं डोलणं बरंच कमी करतात. पुढून-मागून वरखाली होणं त्यांच्याने थांबत नाही, आणि जहाज वेगात असेल तेव्हाच ते नीट काम करतात.

आता आवाज. मजल्यांचा नकाशा उघडा आणि आपल्या केबिनच्या बरोबर वर आणि खाली काय आहे ते पाहा. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढण्याचा खरखराट. खाली नाट्यगृह किंवा डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत धडधड. अगदी पुढे अगदी खाली असाल तर बंदर आल्याचं तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळेल, कारण नांगराची साखळी आणि नाळेतले थ्रस्टर (जहाज आडवं सरकवणारे पंखे) तुमच्या उशीखाली सुरू होतात. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असल्या की झोप चांगली.

खारं_वारं

इंजिनरूम काकांना अनुमोदन.

बोट लागणाऱ्यांसाठी स्वानुभव. गोळी पोटात ढवळायला लागल्यावर घेतली तर वरातीमागून घोडं. ती आधी घ्यायची. कुठली आणि किती ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा, कारण काही गोळ्यांनी भयंकर गुंगी येते आणि कानामागे लावायची पट्टी सगळ्यांना चालत नाही. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी तर नक्कीच विचारा. आल्याचा तुकडा चघळून मला बरं वाटतं. रिकाम्या पोटी राहू नका, कोरडी बिस्किटं खात राहा. आणि केबिनमध्ये आडवं पडून फोन बघणं हा हमखास ओकारीचा उपाय! उघड्या डेकवर मध्यभागी उभं राहून क्षितिजावर नजर लावा. डोळे 'स्थिर आहे' म्हणतात आणि कान 'हलतंय' म्हणतो, त्या भांडणातून मळमळ होते. क्षितिज पाहिलं की दोघांचं जमतं.

रुक्मा

@उगाच_काळजी, सासूबाईंचं.

प्रत्येक बंदरापुढे जहाज धक्क्याला लागणार आहे की टेंडर आहे ते आधी पाहा. टेंडर म्हणजे जहाज समुद्रातच थांबतं आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. जहाजाच्या दारातून त्या हिंदकळणाऱ्या बोटीत पाऊल टाकायचं असतं. दोन खलाशी दंडाला धरतात, 'आता' म्हणतात, आणि लाट बोट वर आणते त्या क्षणी पुढे व्हायचं. धडधाकट माणसाच्याही पोटात गोळा येतो. समुद्र खवळलेला असला की व्हीलचेअरवाल्यांना नाही म्हणण्याचा त्यांना अधिकार आहे, आणि ते म्हणतात.

सँटोरिनी नेमकं तसलंच. बोट जुन्या बंदरात सोडते, गाव कड्याच्या माथ्यावर. वर जायला केबल कार, नाहीतर पाचशे ऐंशीच्या वर पायऱ्या. पायऱ्या खेचरांच्या लिदीने निसरड्या, वास डोळ्यांत झोंबतो, आणि मागून खेचरांचा तांडा आला की भिंतीला चिकटून उभं राहायचं. केबल कार तीनेक मिनिटांची, पण तीन-चार जहाजं एकाच दिवशी आली की संध्याकाळी खाली उतरायच्या रांगेत तास-दीड तास सहज जातो. सासूबाईंना जहाजावरच राहू द्या असं माझं मत. सँटोरिनी समुद्रातूनच सगळ्यात सुंदर दिसतं. काळपट-तांबडा सरळसोट कडा, आणि त्याच्या काठावर मीठ सांडल्यासारखी पांढरी घरं.

तुमची स्वतःची व्हीलचेअर न्या. जहाजावरच्या बहुतेक ठिकाणी चढण्या-उतरण्यापुरत्याच मिळतात. रुंद दाराची केबिन हवी असेल तर आजच फोन करा, त्या मोजक्या असतात.

माजी_इंजिनरूम

अवांतर: सँटोरिनीला जहाज 'नांगर टाकतं' असं लोक लिहितात. ते ज्वालामुखीचं बुडालेलं तोंड आहे. बहुतेक ठिकाणी इतकं खोल की नांगर तळाला पोचतच नाही. मोठी जहाजं इंजिनावर जागा धरून उभी असतात.

पायपीट

सहलींबद्दल माझं स्पष्ट मत: जहाजाच्या सहली म्हणजे चाळीस जणांची बस, पुढे छत्री घेतलेला गाइड, पाऊण तास स्वच्छतागृहाच्या रांगेत आणि पाऊण तास 'कारखान्याला भेट' या नावाखाली दुकानात. आपलं आपण फिरा, निम्म्या पैशांत दुप्पट होतं.

फक्त बंदराचं नाव नीट वाचा. कार्यक्रमपत्रिकेत 'रोम' लिहिलेलं असतं, पण जहाज लागतं चिविटावेकियाला. तिथून रोम रेल्वेने तासाच्या आसपास. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, दोनशे किलोमीटर लांब! 'बर्लिन' म्हणजे वार्नेम्युंड, जायलाच तीनेक तास. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो. दहा तासांच्या मुक्कामातले सहा तास गाडीत गेले तर काय पाहणार? अशा वेळी मी सरळ बंदराचंच गाव पाहतो.

रोमसाठी एक युक्ती. व्हॅटिकनला जायचं तर तेर्मिनी या मुख्य स्टेशनपर्यंत जाऊच नका, आधी सान पिएत्रो स्टेशन येतं, तिथे उतरा. सेंट पीटर्स तिथून चालत. आणि जहाज कोणत्या वारी लागतंय ते पाहा. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद.

रुक्मा

@पायपीट, निम्मं पटलं. जहाजाची सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं, किंवा तुम्हाला पुढे पोचवायची जबाबदारी ते घेतात. आपण स्वतः गेलो आणि रेल्वे रखडली तर कोणी विचारत नाही. (धक्क्यावर धावून झालेलं आहे, त्यामुळे मी बोलणारच.) माझा हिशोब असा: बंदर शहरालाच चिकटलेलं असेल तर आपलं आपण. तासाभराहून लांब जायचं असेल आणि सोबत ज्येष्ठ माणूस असेल, तर निमूट छत्रीमागे.

पायपीट

तेवढं मान्य. लांब गेलो तर मी शेवटच्या वेळेच्या दोन तास आधी बंदरात असतो. आणि शेवटची वेळ म्हणजे जहाज सुटायची नव्हे! शिडी त्याच्या अर्धा ते एक तास आधी बंद होते.

आणखी एक. वारा फार असला तर कप्तान बंदर गाळून पुढे जातो, करारात तसं लिहिलेलं असतं. जहाजाच्या सहलीचे पैसे परत मिळतात, बाहेर ठरवलेल्या सहलीचे मिळतीलच असं नाही. रद्द करायची अट वाचूनच पैसे भरा.

शंखशिंपले

@उगाच_काळजी, तुमच्या यादीत कुशादासी आहे, ते तुर्कस्तानात. तुम्हाला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) लागत असेल तर एकदाच प्रवेशाचा घेऊ नका. ग्रीसमधून बाहेर पडून तुर्कस्तान करून परत ग्रीसमध्ये आलात की तो दुसरा प्रवेश होतो. आमच्या ओळखीच्यांना पहिल्याच दिवशी काउंटरवरून परत पाठवलं, बॅगांसकट. तुर्कस्तानचे नियम तुमच्या पासपोर्टप्रमाणे वेगळे तपासा.

आणि जहाज सुटायच्या दिवशीचं विमान धरू नका. आदल्या दिवशी त्या शहरात पोचा.

आळशी_प्रवासी

सगळे उतरायच्या गप्पा मारताय, माझं उलटं. बंदराच्या दिवशी सगळं गाव उतरून जातं तेव्हा मी जहाजावर राहतो. तलाव रिकामा, गरम पाण्याच्या कुंडात मी एकटा, मसाजलाही त्या दिवशी बऱ्याचदा सूट. उलट समुद्रातल्या दिवशी सकाळी नऊला बुफेत गेलात तर ताट हातात घेऊन जागा शोधत हिंडाल. त्याऐवजी मुख्य भोजनगृहात बसून न्याहारी करा, बहुतेक जहाजांवर ती भाड्यातच असते आणि कोणी जात नाही. रात्रीही तिथे दोन पदार्थ मागवले तरी कोणी भुवया उंचावत नाही. खाण्याचं पथ्य असेल तर बुकिंग करतानाच कळवा, आणि पहिल्या रात्री मुख्य वाढप्याला भेटून पुन्हा सांगा.

बाल्कनी घेऊ नका, पैसे वाचवा. केबिनमध्ये झोपायलाच तर जायचं असतं.

खारं_वारं

बाल्कनीबद्दल असहमत. अलास्कात सकाळी पाच वाजता रजई गुंडाळून बाल्कनीत बसलो होतो. बाजूने हिमनगांचे निळे तुकडे तरंगत जात होते, आणि आजूबाजूला एक माणूस नाही. ग्लेशियर बेला जहाज कुठे लागत नाही, राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीने जहाजावर येतात आणि दिवसभर माहिती सांगतात. दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना आत सोडतात. तिथे मार्जरी हिमनदीपुढे जहाज तासभर थांबलं. कडा तुटून पाण्यात पडतो तो आधी दिसतो, आवाज मागाहून येतो, लांबच्या तोफेसारखा.

आळशी_प्रवासी

त्या वेळी जहाज जागच्या जागी गोल फिरवतात, दोन्ही बाजूंना दिसावं म्हणून. डेकवर कॉफी घेऊन उभे राहा, फुकट दिसतं. (फिदीफिदी)

कोरडा_पाषाण

माफ करा, पण हा सगळा तरंगता मॉल वाटतो मला. सहा-सात हजार माणसं, कॅसिनो, दागिन्यांची दुकानं, दर दहा मिनिटांनी घोषणा. समुद्र कुठे आहे यात?

माजी_इंजिनरूम

@कोरडा_पाषाण, तक्रार खोटी नाही. पण समुद्र आहे, फक्त तो पहाटे आहे.

बंदरात शिरायच्या तासभर आधी उठा आणि खालच्या उघड्या डेकवर जा. एक छोटी बोट जहाजाच्या कुशीला येऊन भिडेल, अंधार असेल तर तिच्यावर वर पांढरा आणि खाली लाल दिवा. तो पायलट. त्या बंदराचं पाणी, गाळ, प्रवाह तोंडपाठ असलेला माणूस. जहाज थांबत नाही, फक्त वेग कमी करतं. कुशीतलं एक दार उघडतं किंवा दोराची शिडी सोडतात. पायलट बोटीच्या कठड्याशी उभा राहून लाट बोटीला वर आणेपर्यंत थांबतो, दोर पकडतो आणि चढायला लागतो. खाली बोट बाजूला सरते, आणि माणूस लोखंडी भिंतीवर लटकलेला. जगभर अजून हे असंच चालतं. तो वर पोचला की पांढरा-लाल उभ्या पट्ट्यांचा झेंडा चढतो. साडेतीनशे मीटरचं जहाज त्या माणसाच्या सांगण्यावर वळतं, आणि वर बाराव्या मजल्यावर लोक झोपलेले असतात.

कोरडा_पाषाण

हे माहीत नव्हतं. अजून लिहा.

रुक्मा

इंजिनरूम काका, दंडवत. वेगळा धागा काढाच.

बिलाचं राहिलं. जहाजावर रोख चालत नाही, केबिनचं कार्ड दाखवलं की झालं, आणि तिथेच घोडं पेंड खातं. माणशी दररोज टिप आपोआप लागते, लहान मुलांनाही. पेयांचं पॅकेज एकाने घेतलं तर केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना घ्यावं लागतं असा नियम बऱ्याच ठिकाणी आहे. इंटरनेट वेगळं. जे घ्यायचं ठरलंय ते निघण्याआधी ऑनलाइन घ्या, जहाजावर महाग पडतं. मध्यावर एकदा टीव्हीवर किंवा अ‍ॅपवर आपलं खातं उघडून बघा. आमच्या एका ट्रिपला दोन मालिश आमच्या नावावर होत्या, आम्ही एकही केली नव्हती. तेव्हाच सांगितल्याने निघाल्या, शेवटच्या सकाळी त्या काउंटरपुढची रांग बघूनच माणूस पैसे सोडून देतो.

बाटलीबंद पाणी विकत घेऊ नका, नळाचं चांगलं असतं.

माजी_इंजिनरूम

समुद्राचंच पाणी. इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर वाफ करून, नाहीतर दाब देऊन पडद्यातून गाळून गोडं करतात, मग क्षार आणि क्लोरिन घालतात.

एक गंभीर. आपत्कालीन सराव टाळू नका. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलं, ३२ जण गेले. त्या संध्याकाळी चिविटावेकियाला चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालाच नव्हता, कारण तेव्हा चढल्यापासून चोवीस तासांत सराव घेण्याची मुभा होती. १ जानेवारी २०१५ पासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच सराव बंधनकारक आहे. हल्ली फोनवर चित्रफीत पाहायची आणि आपल्या जमायच्या जागी जाऊन हजेरी लावायची, दहा मिनिटांचं काम. सात छोटे भोंगे आणि एक लांब, म्हणजे जमायची खूण. केबिनपासून त्या जागेपर्यंत एकदा जिन्याने चालून बघा. लिफ्ट तेव्हा वापरायची नसते.

शंखशिंपले

हात साबणाने धुवा! दारातल्या जेलवर भागवू नका. नोरोव्हायरसवर (उलट्या-जुलाबांचा विषाणू) अल्कोहोलचं जेल फारसं चालत नाही. बुफेचा चिमटा आपल्या आधी शंभर जणांनी धरलेला असतो.

आणि बुफेतलं सफरचंद पिशवीत घालून किनाऱ्यावर उतरू नका. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तर कुत्रे हुंगून काढतात आणि दंड जागेवर.

पायपीट

सामान: पहिल्या दिवशी बॅगा केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते. औषधं, पोहायचे कपडे, चार्जर हातातल्या पिशवीत ठेवा. शेवटच्या रात्री उलटं, बॅगा दाराबाहेर ठेवायच्या. आमच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी सगळे कपडे बॅगेत भरून बाहेर ठेवले. सकाळी ते पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात कस्टममधून गेले, अगदी ताठ मानेने.

भिंती लोखंडी असतात, चुंबकाचे हूक न्या. ओल्या कपड्यांना, टोप्यांना फार उपयोगी. इस्त्री, किटली, सर्ज प्रोटेक्टरवाली पट्टी नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात.

उगाच_काळजी

सगळ्यांचे किती आभार मानू! मधला पाचवा मजला, वर-खाली केबिनच. व्हिसा बघितला तर अर्जात खरंच एकदाच प्रवेशाच्या पर्यायावर खूण केली होती, बदलली.

उगाच_काळजी

परत आलो! धागा वर काढते.

मला बोट एकदाच लागली, तीही फोन बघत पडले होते म्हणून. रोमला छत्रीमागे गेलो, कारखान्याला भेटही झाली (पायपीट, बरोबर होतात तुम्ही). सँटोरिनीला सासूबाई जहाजावर राहिल्या. आम्ही दीड तास केबल कारच्या रांगेत उन्हात भाजून परत आलो तर त्या डेकवर सावलीत पाय पसरून, कड्याकडे तोंड करून बसलेल्या. 'काय पाहिलंत?' मी विचारलं. म्हणाल्या, 'तुमची रांग. इथून मुंगीएवढी दिसत होती.'

पायलट बघायला मी गजर लावला होता, पण मला जाग आली नाही. सासूबाई एकट्याच गेल्या, आणि पुढचे चार दिवस रोज पाचला उठल्या. काका, त्यांचा एक प्रश्न आहे: तो माणूस परत घरी कसा जातो?

माजी_इंजिनरूम

जहाज बंदरात लागलं की धक्क्यावर उतरून चालत. जहाज बाहेर काढायला आला असेल तर तशीच शिडी, उलटी. उतरणं चढण्याहून अवघड, कारण बोट दिसत नाही, पायाने शोधायची. त्यांना नमस्कार सांगा.

उगाच_काळजी

सांगते. आणि हो, चुंबकाचे आठही हूक केबिनच्या भिंतीवरच राहिले.